शेवटचा दगड बसेपर्यंत

माझ्या सहीनं माझ्या आईवडिलांचं घर गेलं. सही करताना मी घराचा विचार करत नव्हते, भाषेचा करत होते. भाषा म्हणजे आपण ज्यावरून मोर्चे काढतो ती नव्हे. महासंगणकाच्या आत जी कार्डं असतात, त्यांच्याकडून काम करून घ्यायची भाषा. तिच्यावरूनही माणसं तेवढीच भांडतात, फक्त एसीत बसून आणि बिस्किटं खात.

मी वैजयंती, वय एक्कावन्न. डिंभ्याच्या धरणामागं डोंगरात एकोणीस उंबऱ्यांची आमची वरची वाडी. तिथून शिकत शिकत पुण्यातल्या एका संगणन केंद्रात पोचले आणि तिथंच केस पांढरे केले. आमच्या केंद्राकडं एक काम असं होतं, की पावसाळ्यात पश्चिमेकडच्या डोंगरांतला कुठला उतार खचेल याचा अंदाज काढून जिल्ह्याला कळवायचा. पाऊस किती, माती किती पाणी पिईल, वरच्या पट्ट्यातलं पाणी खालच्या पट्ट्यात कसं उतरेल, असली लाखो गणितं. साधा संगणक ती करत बसला तर दरड कोसळून आठवडा झाल्यावर उत्तर देईल. म्हणून ग्राफिक्स कार्डं लागतात. मूळची ती पोरांच्या खेळातली चित्रं हलवायला केलेली, पण एका कार्डात हजारो बारके गडी एकदम कामाला लागतात. डोंगराचा एकेक पट्टा एकेका गड्याच्या वाट्याला द्यायचा, की झालं.

हा प्रोग्राम लिहिला होता मेहबूबभाईंनी. ते मूळचे जुन्नरचे, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठे. त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या हातकागद बनायचा. "आजोबांनी कागद बनवला आणि नातवानं तो कोरा ठेवला," असं ते स्वतःबद्दल सांगायचे आणि स्वतःच हसायचे. त्यांनी प्रोग्राम लिहिला तेव्हा आमच्याकडं एकाच कंपनीची कार्डं होती, म्हणून त्याच कंपनीच्या भाषेत लिहिला. या भाषांचं असंच असतं. आपल्या कंपनीच्या कार्डावर वाऱ्यासारख्या पळतात, दुसऱ्याच्या कार्डावर ढिम्म हलत नाहीत.

जानेवारी दोन हजार एकवीसमध्ये आमचा नवा महासंगणक यायचा होता आणि त्यातली कार्डं होती दुसऱ्या कंपनीची. आता मेहबूबभाईंच्या प्रोग्रामचं काय करायचं, यासाठी सात जणांची समिती बसली. अध्यक्ष मी. वाटा दोन होत्या. एक, सगळा प्रोग्राम खुल्या मानकात नव्यानं लिहायचा. खुलं मानक म्हणजे सगळ्यांनी मिळून ठरवलेली भाषा. कुठल्याही कंपनीच्या कार्डावर चालते, पण तिच्यात प्रत्येक गोष्ट उघड लिहावी लागते. कुणी कुठं थांबायचं, कुणी कुणासाठी थांबायचं, सगळं. दुसरी वाट सोपी होती. नव्या कंपनीनं भाषांतर करणारा एक प्रोग्राम फुकट दिला होता. जुनं त्यात घातलं की एका दिवसात नव्या कार्डांच्या भाषेत बाहेर.

"मला अठरा महिने द्या. नव्यानं लिहितो," मेहबूबभाई म्हणाले.

"पावसाळा पाच महिन्यांवर आलाय, भाई," मी म्हणाले.

"एक पावसाळा जुनं मशीन चालवा की."

जुनं मशीन ज्या खोलीत होतं त्याच खोलीत नवं बसायचं होतं, त्याच विजेवर. उद्घाटनाची तारीख ठरली होती. संचालक घड्याळाकडं बघत होते.

"हे बघा," मेहबूबभाई सावकाश म्हणाले, "त्या प्रोग्राममधलं काही लिहिलेलं आहे आणि काही मी धरून चाललोय. भाषांतर लिहिलेल्याचं होतं. धरून चाललेल्याचं कसं होणार?"

त्यावर कुणीतरी म्हणालं, "वा, शेरच झाला हा," आणि सगळे हसले. मीही हसले. ते हसणं मला अजून ऐकू येतं, आणि स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते. मतं पडली तीन विरुद्ध तीन. सातवं मत माझं, ते भाषांतराला. सही केली, चहा आला.

संध्याकाळी मेहबूबभाई माझ्या टेबलापाशी येऊन एक चिठ्ठी ठेवून गेले. 'भाषांतर चालवण्याआधी माझ्याबरोबर एकदा बसा. काही जागा दाखवायच्या आहेत.' मी ती खणात टाकली. रागावून नव्हे, बसू की पुढच्या आठवड्यात, म्हणून. पुढचे आठवडे भराभर गेले. मार्चअखेर ते जुन्नरला घरी गेले, तिथं ताप भरला आणि एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात कोरोनानं गेले. मातीला पाच माणसं होती. मी त्यांत नव्हते.

भाषांतर आम्ही तपासलं, अगदी नियमानं तपासलं. तपासणीसाठी जुन्नरजवळची एक लहानशी टेकडी घेतली, जुन्या आणि नव्या मशीनवर चालवली. उत्तर तंतोतंत जुळलं. आम्ही पेढे वाटले.

जुलैत संततधार लागली. त्या वर्षी डोंगर खचून वाड्या गेल्याच्या बातम्या रोज येत होत्या. आमच्या केंद्राचा आकडा शून्य ते शंभर असतो. सत्तरच्या वर गेला की ती जागा राहण्यालायक नाही असं समजायचं. एका सकाळी यादीत मला आमच्या वाडीचं नाव दिसलं. एक्याण्णव.

पुन्हा चालवून बघावं, असं वाटलं का? वाटलं. हात कळफलकापर्यंत गेला होता. पण मनात आलं, बाकीच्या वाड्यांना वेळेत निरोप गेला आणि स्वतःच्या वाडीचा आकडा बाईंनी थांबवून ठेवला, असं उद्या कुणी म्हणेल. आपला तो बाब्या, असं व्हायला नको. मी आयुष्यभर माझ्या प्रामाणिकपणाचा तोरा मिरवलाय. त्या दिवशी मिरवला नसता तर बरं झालं असतं. यादी तशीच पुढं पाठवली, आणि गाडी काढून स्वतः वाडीवर गेले.

वाडी म्हणजे उतारावरच्या पायऱ्या. प्रत्येक पायरी म्हणजे भाताचं एक खाचर आणि प्रत्येक खाचराला दगडी बांध. हे बांध कुणी एकट्यानं घातलेले नाहीत. आमच्याकडं पडकई असते. उन्हाळ्यात सगळी घरं मिळून आज याच्या उतारावर, उद्या त्याच्या उतारावर राबतात. ज्याचं रान त्यानं जेवण घालायचं. माणसं रांगेनं उभी राहतात, दगड हातोहात येतो आणि बांध थराथरानं चढतो. एक जण वर उभा राहून बघतो. रांगेतल्या शेवटच्याचा दगड बसल्याशिवाय दुसऱ्या थराचा दगड कुणीच उचलायचा नाही. वरचा 'हां' म्हणाला की मगच. माझे वडील, कुशाबा, चाळीस वर्षं तो 'हां' म्हणत आले. मी लहानपणी विचारलं होतं, एवढं थांबायचं कशाला. ते म्हणाले होते, "न्हाईतर बांधाला पोट येतं आन्‌ एक दिवस फुटतं."

त्या जुलैत मी चिखलात उभी राहून त्याच माणसाला समजावत होते.

"डोंगूर हालत न्हाई, पोरी," आबा म्हणाले. "मी रोज हिंडतोय वर. पानी पाटानं जातंय, खाचरात ठरतंय. कुटं भेग न्हाई, कुटं झरा न्हाई. डोंगूर खचायचा असला का आदी बोलतो."

"आबा, मशीन खोटं बोलत नाही."

हे वाक्य मी उच्चारलं. दुसऱ्या कुणी नाही.

आबा मागं वळून जमलेल्यांना म्हणाले, "वैजू सांगतीय तर चला."

भिमाजी चुलता तेवढा कुरकुरला, "सरकारी मानूस बोल्ला असता तर मी हाललो नसतो राव. पर कुशाबाची पोर हाय. तिला काय आपलं वाईट करायचं हाय का?"

माझ्या शब्दावर सगळ्यांनी पुनर्वसनाच्या कागदांवर अंगठे दिले आणि दिवाळीपर्यंत वाडी कायमची उठली. अवसरी बुद्रुकच्या अलीकडं माळावर पत्र्याच्या खोल्यांच्या दोन रांगा मिळाल्या. दारात नळ, रात्रभर लाईट, मंचरचा दवाखाना जवळ. तक्रार करावी असं काही नव्हतं, आणि आबांनी केलीही नाही. ते फक्त कामाला काही नाही म्हणून बसून राहायला लागले. आईचं, लंकाबाईचं, एकच म्हणणं असायचं, "हितं उठल्यावर बघायचं कुटं तेच कळंना. समोर डोंगूर न्हाई." तिनं वरून येताना रायभोग भाताचं बी राखेत घोळून फडक्यात बांधून आणलं होतं. ते खुंटीला टांगलेलं असायचं. मी दर रविवारी जायचे, सफरचंदं न्यायचे, त्या फडक्याकडं न बघता परत यायचे.

इफरा ही मेहबूबभाईंची मुलगी. वडील गेले तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. दोन हजार तेवीसमध्ये आमच्याकडंच लागली. तोवर आणखी एका, तिसऱ्याच कंपनीची कार्डं घ्यायचं घाटत होतं आणि समितीला एकदाची अक्कल आली होती. खुलं मानक मंजूर झालं. बैल गेला नि झोपा केला. वडिलांचा प्रोग्राम नव्यानं लिहायचं काम इफरानं मागून घेतलं. अठरा महिने लागले. मेहबूबभाईंनी मागितले होते तेवढेच.

या मार्चमध्ये, एका शुक्रवारी, ती माझ्या केबिनमध्ये आली. एरवी दारावर टकटक करून येणारी पोरगी सरळ आत आली आणि बसली.

"मॅडम, एकवीस सालचाच नकाशा आणि तोच पाऊस घालून नवा प्रोग्राम चालवला. जुन्याशी जुळतोय का बघायला."

"मग?"

"सात वाड्यांचे आकडे जुळत नाहीत." तिनं यादी माझ्यापुढं सरकवली. "तुमची त्यात आहे. एक्याण्णव नाही. चौतीस आहे."

मला आधी काही कळलंच नाही. मग तिनं कागदावर काढून दाखवलं. जुन्या कार्डात बत्तीस-बत्तीस गड्यांची टोळी असायची आणि टोळीतले सगळे एका पावलानं चालायचे. एक पुढं एक मागं असं व्हायचंच नाही. म्हणून वरच्याचं पाणी मोजून झालंय का हे बघायला खालच्यानं थांबायची गरज नव्हती, आणि मेहबूबभाईंनी 'थांबा' असं लिहिलं नव्हतं. तेच ते धरून चाललेलं. नव्या कार्डात टोळी चौसष्टांची. भाषांतरानं बत्तीसचा आकडा तसाच ठेवला. मग जुन्या कार्डात पहिलीनंतर सुटणारी दुसरी टोळी इथं पहिलीबरोबरच सुटायची आणि तेहतिसाव्या गड्यापाशी सांधा पडायचा. वरचं मोजून व्हायच्या आतच तो आकडा उचलायचा आणि पाणी दोनदा मोजलं जायचं. आमच्या वाडीचा डोंगर चौसष्ट पट्ट्यांत बसला होता. वाडी तेहतिसाव्या पट्ट्यावर होती. आणि तपासणीची ती लहान टेकडी? ती अख्खी बत्तिसात मावत होती.

"बाकीच्या सहा वाड्या?" मी विचारलं.

"महिनाभर शाळेत राहिल्या आणि परत गेल्या. कायमची उठली ती एकच."

कायमची उठली, कारण तिथं कुशाबाची पोर गेली होती.

इफराच्या हातात मूळ प्रोग्रामचं पान होतं. त्या जागी मेहबूबभाईंनी शेरा लिहून ठेवला होता: 'इथे थांबायची गरज नाही, सगळे बरोबरच चालतात. कार्ड बदलल्यास मला विचारा.'

"अहवालात कारण लिहावं लागेल," ती खाली बघत म्हणाली. "अब्बूंची चूक, असंच लिहायचं ना, खाला?"

ऑफिसात ती मला कधी खाला, म्हणजे मावशी, म्हणत नसे. मी खण उघडला. चार वर्षांपूर्वीची चिठ्ठी तळाशी होती, ती तिच्यापुढं ठेवली. "त्यांनी लिहून ठेवलं होतं, तोंडानंही सांगितलं होतं. मी विचारलं नाही. अहवालात माझं नाव लिही." तिनं चिठ्ठी वाचली आणि अक्षरावरून बोट फिरवत राहिली. आम्ही दोघी रडलो. बाहेर कुणीतरी वाढदिवसाचा केक कापत होतं.

जाताना ती म्हणाली, "मॅडम, जानेवारीत ड्रोननं केलेला नवा नकाशा हाती आलाय. तो परवापर्यंत चालवून होईल. तोवर घरी सांगायचं थांबता का?"

मी थांबले नाही. नाशिक हायवेवर जागोजागी पाटी असते, 'अति घाई संकटात नेई'. शनिवारी सकाळी तिच्याच खालून मी ऐंशीच्या वेगानं गेले.

आबा पत्र्याच्या सावलीत बसले होते. मी चपलासुद्धा न काढता सगळं सांगून टाकलं. बत्तीस, चौसष्ट, सांधा, पाणी दोनदा. आमच्या समितीतल्या दोघांना अजून ते नीट कळलेलं नाही. आबांना एका दमात कळलं.

"म्हंजी शेवटच्याचा दगूड बसायच्या आदीच वरचा थर लावला."

"हो."

"आन्‌ वर बघायला कोन व्हतं?"

"मी होते, आबा."

मी वाट बघत होते की ते ओरडतील. ओरडले असते तर सोसलं असतं. त्यांनी नुसता माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि मग आत बघून आईला म्हणाले, "लंके, ऐकलंस का? डोंगूर बरा हाय आपला. मी म्हनत व्हतो का न्हाई?"

आईनं खुंटीवरचं फडकं काढलं.

त्या दुपारी आबांना मी चार वर्षांत पहिल्यांदा भराभर चालताना पाहिलं. कोयता शोधला, टिकाव शोधला. दाराशी आलेल्या, वाडीतल्याच भागूमावशीला त्यांनी दोनदा सांगितलं, "पावसाच्या आत पेरायचं हाय." मावशी म्हणाली, "घराचं लाकूड आमी इकून टाकलं की, कुशाबा." ते म्हणाले, "लाकडाचं बघू." मीच सगळ्यात जास्त खूश होते. चूक झाली खरी, पण फिटणारी निघाली, असं मला वाटत होतं.

रविवारी पहाटे मी दोघांना गाडीत घालून डिंभ्यापर्यंत आणलं आणि तिथून पायवाटेनं वर निघालो. आई सत्तरीची, पण पुढं तीच. बीचं फडकं तिनं पोटाशी खोचलं होतं. वाटेत ती मला जुन्या खाणाखुणा दाखवत होती, जशी मी पाहुणीच आहे.

वाडीपाशी पोचलो आणि आबा उभे राहिले.

घरांची नुसती जोती उरली होती, ते आम्हाला माहीतच होतं. पण खाचरं? अकरा खाचरांची आमची उतरंड. त्यातल्या सात बांधांचा पत्ता नव्हता. दगड घरंगळून खाली रानात पसरले होते. उरलेल्या चारांना पोट आलं होतं. तीन पावसाळे कुणी बांध सांधला नव्हता, पाट उपसला नव्हता. जे पाणी खाचरात ठरायचं आणि पाटानं निघायचं, ते तीन वर्षं मिळेल तिथून डोंगरात शिरलं होतं. आबांनी काठी जमिनीत दाबली. ती हातभर आत गेली. चार पावलं पुढं जाऊन दाबली, तिथंही गेली. वरच्या अंगाला एक भेग होती, माझा तळहात मावेल एवढी.

"आतून पोकळ झालंय," ते म्हणाले.

तेवढ्यात फोन वाजला. वाडीवर त्या एका कातळापाशीच रेंज येते, आणि मी नेमकी तिथं उभी होते.

"मॅडम," इफरा म्हणाली, "नवा नकाशा चालवला. अठ्ठ्याहत्तर येतोय. मी तीनदा चालवला. प्रत्येक पट्टा मोजून होईपर्यंत थांबून. यात चूक नाही." आणि मग हलकेच, "तुम्ही घरी सांगितलंत का?"

मी फोन बंद केला. आबा माझ्याकडंच बघत होते.

"काय म्हनतंय मशीन?"

मी आईकडं पाहिलं. ती आमच्या घराच्या जोत्यावर बसून फडक्याची गाठ सोडत होती.

"धोका आहे म्हणतंय, आबा."

"या बारीला बरोबर हाय," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सोसवेना. "तवा खोटं व्हतं, तवा आमी ऐकलं. ऐकून गेलो, म्हनून आता खरं झालं."

मी म्हणाले, "आबा, बांध पुन्हा घालता येतील. मी सगळं करते. माणसं लावते. यंत्र आणते."

"हितं यंत्र चढत न्हाई. आन्‌ मजुरानं घातलेला बांध मजुरीपुरता टिकतो." ते बोटांवर मोजत नावं घ्यायला लागले. "पडकईला तीस मानसं पायजेत. भिमाजी गेला. सोपान चाकनला कंपनीत. त्याची पोरं तर भात कुटनं येतो तेबी सांगायची न्हाईत. चिमाबाईला दिसत न्हाई. कोन हाय?" मग मला दोष देत नाहीत अशा सुरात, "मानसं व्हती तवर डोंगूर व्हता, पोरी. रोज कुनी ना कुनी एक दगूड सारका करायचं. डोंगूर काय आपसूक उभा ऱ्हातो व्हय?"

प्रोग्रामात डोंगराची माती होती, उतार होता, पाऊस होता. संध्याकाळी घरी येता येता एक ढळलेला दगड जागेवर बसवणारा माणूस कुठंच नव्हता. तो आम्ही धरून चाललो होतो.

आईनं बी हातावर घेऊन बघितलं. वास घेतला, दातानं एक दाणा फोडला. "किडलंय," ती म्हणाली, आणि फडकं तिथंच जोत्यावर झटकलं. मग पिशवीतून भाकरी काढली. "खाऊन घ्या. उतरायला दोन तास लागत्यात." आम्ही आमच्या घरात, जिथं चूल असायची त्या जागी बसून जेवलो. आईनं शेवटचा घास तिथंच मातीवर ठेवला.

निघताना आबा एका फुटलेल्या बांधापाशी वाकले. खाली पडलेला एक दगड उचलला, उलटासुलटा करून बघितला आणि खाचेत बसवला. बसला नीट. मग मागं न बघताच त्यांनी हात मागं केला. पडकईत तसाच करतात. मागं बघायचं नसतं, दगड येतोच. हात तसाच राहिला.

मी धावत जाऊन एक दगड त्या हातात दिला. त्यांनी तो घेतला, बसवला, आणि सवयीनं डावीकडं रांगेच्या टोकापर्यंत नजर टाकली, शेवटच्याचा बसलाय का बघायला. तिकडं करवंदीची जाळी होती. ते तसेच वाकून उभे राहिले. 'हां' काही ते म्हणाले नाहीत.

तो थर पुरा व्हायला अजून चाळीसएक दगड लागले असते. आम्ही दोन लावले आणि खाली उतरलो.